तिसऱ्या रात्रीच्या मुंग्या

मामाचा पाय मोडला तेव्हा नागपुरातल्या एका दवाखान्यात रात्री त्याच्याजवळ मी थांबायचो. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या रात्री तो ताडकन उठून बसला आणि पांढऱ्या चादरीवरून चिमटीने काहीतरी वेचू लागला. "अबे, मुंग्या चढून राहिल्या अंगावर, दिसत नाही का तुले?" हात थरथरत होते, बनियन घामाने भिजलं होतं आणि आपण उमरेडच्या घरी आहोत असं तो धरून चालला होता. पहाटेपर्यंत घरून अंगारा आला. जिथे पडला तिथलंच बाहेरचं लागलं, असं मामीचं म्हणणं.

सकाळी डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "रोज किती घेत होते?" गेली वीस वर्षं रोज पिणाऱ्या माणसाला तीन दिवस थेंबही मिळाला नव्हता आणि ही गोष्ट आम्ही कुणीच त्यांना सांगितली नव्हती. मीसुद्धा.

ग्रामीण रुग्णालयांत मानसिक आरोग्याची आणि व्यसनमुक्तीची सेवा वाढवायचा विषय निघाला की मला ती चादर आठवते. दारू सोडायला मनाचा निश्चय लागतो, हे आपण सगळेच बोलतो. पण रोज भरपूर पिणाऱ्यासाठी पहिले चार-पाच दिवस निश्चयाचे नसतात, मेंदूतल्या रसायनांचे असतात.

मेंदूत ग्लुटामेट नावाचं रसायन पेशींना चेतवतं आणि गाबा नावाचं दुसरं रसायन त्यांना शांत करतं. गाबा पेशीवरच्या आपल्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटलं की तिच्यातलं दार उघडतं, ऋण भाराचे क्लोराइड आयन आत शिरतात आणि ती पेशी सहजी चेतत नाही. दारू हे दार जास्त उघडं ठेवते आणि ग्लुटामेटच्या एनएमडीए ग्राहीला दाबून धरते. पिणाऱ्याची जीभ जड होते, तोल जातो, तो यामुळे. पण मेंदूला समतोल हवा असतो. वर्षानुवर्षं रोज दारू येत राहिली की तो तिच्या विरुद्ध जोर लावायला लागतो. गाबाची ग्राही पाच तुकड्यांची असते. त्यांतले काही तुकडे मेंदू बदलतो, काही ग्राही पेशीच्या आत ओढून घेतो आणि एनएमडीए ग्राही वाढवतो. रस्सीखेचीत दोन्ही बाजू सारख्या ताकदीने ओढत असल्या की दोर जागचा हलत नाही, तसं हे चालतं. माणूस पिऊनही सरळ चालतो आणि लोक म्हणतात, याला चढतच नाही.

आता एका बाजूने दोर एकदम सोडला तर? शेवटच्या घोटानंतर 6 ते 24 तासांत हात कापू लागतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. 48 ते 96 तासांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेले किडे-मुंग्या दिसतात, ताप आणि रक्तदाब चढतो. हा डेलिरियम ट्रेमेन्स. उपचार झाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो. हे पिण्यामुळे होतं की पिणं थांबल्यामुळे, यावर पूर्वी बराच वाद होता. 1955 मध्ये अमेरिकेत हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी दहा जणांना आहार नीट ठेवून रोज दारू दिली, काहींना थोडे दिवस तर काहींना अनेक आठवडे, आणि मग एकदम बंद केली. ज्यांनी सर्वांत जास्त दिवस घेतली त्यांनाच झटके आणि भ्रम झाले. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, पण वाद तिथे मिटला.

उपचारही गाबाच्या याच ग्राहीवर होतो. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड हे औषध त्याच ग्राहीच्या अल्फा आणि गॅमा तुकड्यांच्या सांध्यात बसतं आणि गाबाचं काम वाढवतं. मग मात्रा रोज थोडी कमी करत आठवड्याभरात बंद करतात. म्हणजे दोर हळूहळू सैल सोडायचा. (या गोळ्या स्वतः आणून घ्यायच्या नाहीत, दारूसोबत त्या श्वास थांबवू शकतात.) जोडीला ब1 जीवनसत्त्वाचं, म्हणजे थायमिनचं इंजेक्शन. पिणाऱ्यांच्या अंगात ते बहुधा कमी असतं, आणि ग्लुकोजचं सलाइन लावलं की उरलंसुरलंही खर्ची पडतं. म्हणून थायमिन सलाइनच्या आधी किंवा निदान सोबत जायला हवं. हे चुकलं तर स्मृती कायमची जाऊ शकते.

यात तालुक्याला न जमण्यासारखं काय आहे? ग्रामीण रुग्णालयात 30 खाटा असतात. त्रास किती आहे हे मोजायला दहा मुद्द्यांची, 67 गुणांची तपासणी आहे, आणि ती प्रशिक्षित सिस्टर करू शकते: हात पुढे धरायला लावायचे, घाम बघायचा, आज वार कोणता ते विचारायचं. गुण वाढत गेले किंवा झटका आला, तरच नागपूरला मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा एम्सला पाठवायचं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या विकारांत शंभरातले 86 जण उपचारांविना आढळले. काटोल-रामटेकच्या मजुराने रोजी बुडवून शहरात यावं, ही अपेक्षाच चूक आहे.

ही जागा रिकामी राहते म्हणून तिथे बाबा शिरतात, आणि 'न सांगता दारू सोडवा' अशा भिंतीवरच्या जाहिराती शिरतात. जेवणात चोरून मिसळलेल्या पुडीत डायसल्फिराम (दारू नीट पचू न देणारं औषध) असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून तो दगावू शकतो. ज्याचं शरीर आहे त्याला न सांगता दिलेलं औषध हे औषध नव्हे.

मामा चौथ्या दिवशी शुद्धीवर आला आणि त्याने आधी चहा मागितला. मुंग्यांचं त्याला काहीच आठवत नव्हतं. पुढचे कित्येक महिने समुपदेशकाकडे जाणं, पुन्हा घसरणं, पुन्हा उठणं हे सगळं झालं. तो वेगळा विषय आहे.

आपल्याकडे श्रावण लागला की हजारो माणसं एका दिवसात दारू बंद करतात. बहुतेकांना काही होत नाही. पण रोज सकाळी उठल्याउठल्या ज्याला घ्यावी लागते, त्याचा तिसरा दिवस श्रावणाच्या पहिल्याच आठवड्यात येतो. तालुक्याच्या दवाखान्यात थायमिनच्या बाटल्या आणि डायझेपामसारख्या गोळ्या गटारीच्या आधी पोचल्या पाहिजेत, आणि आशाताईंनी घरोघरी विचारलं पाहिजे: सकाळी हात कापतात का?