पहारा शेवटच्या नळावर हवा

पाण्यात कोणीतरी जंतू कालवतो आणि अख्खे शहर आजारी पडते, ही थरारकथांची लाडकी कल्पना. प्रत्यक्षात धरणाचे अफाट पाणी, गाळणी आणि क्लोरीन यांतून फार थोडे जंतू तगतात. पण धोका काल्पनिकही नाही. 1984 साली अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात रजनीशपुरम या ओशो रजनीशांच्या वसाहतीतल्या काही लोकांनी उपाहारगृहांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मिसळला. 751 जण आजारी पडले, आणि हा घातपात आहे हे उघड व्हायला वर्ष गेले. तोवर बोट दाखवले जात होते स्वयंपाकघरांतल्या अस्वच्छतेकडे. घातपात असो की हलगर्जी, आजार वरून सारखाच दिसतो.

कोकणाने मात्र कॅनडातले वॉकर्टन लक्षात ठेवावे. मे 2000 मध्ये मुसळधार पावसाने शेतातले शेण तिथल्या उथळ विहिरीत उतरले. क्लोरीन पुरेसा पडत नव्हता आणि नोंदवहीत खोटे आकडे भरले जात होते. सात माणसे गेली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली.

आपला जांभा दगड सच्छिद्र आणि भेगाळलेला. मृगाचा पाऊस सड्यावरून, गोठ्यामागून, शौचालयांच्या खड्ड्यांजवळून मुरतो आणि फारसा गाळला न जाताच विहिरीत पोहोचतो. पाणी गढूळ झाले की त्यातली सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते, त्यामुळे टीसीएलचे, म्हणजे पाण्यात घालायच्या ब्लीचिंग पावडरीचे, कालचे माप आज पुरत नाही. त्यात पिशवीचे तोंड दमट हवेत उघडे राहिले, तर पावडरीचे खडे होतात आणि जोर निघून जातो.

म्हणून टाकीत किती पावडर घातली यापेक्षा वाडीच्या शेवटच्या नळाला किती क्लोरीन उरला, हे मला महत्त्वाचे वाटते. हे तपासणारी ओटी टेस्ट अगदी साधी आहे. परीक्षानळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडिन (ओटी) या रसायनाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत तक्त्याशी ताडायचा. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. काल रंग येत होता आणि आज आला नाही, तर एक तर डोस चुकला किंवा वाटेत काहीतरी क्लोरीन खाते आहे: फुटक्या पाइपातून शिरलेले गटार, नाहीतर कोणी मुद्दाम सोडलेली घाण. कारण नंतर शोधता येते, नळ आधी बंद करता येतो. गावचे पाणी तपासणाऱ्या जलसुरक्षकाची ही नोंद ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी.

क्लोरीनला न जुमानणारे जंतूही असतात. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत क्रिप्टोस्पोरिडियममुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडले. म्हणून गढूळ पाणी आले, तर ते गाळून खळखळून उकळावे. उकळी आल्यावर एक मिनिट पुरते.