दोन तासांचा पास का घ्यावा, दिवसभराचा का नको

नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आमच्या अभ्यासिकेचं माहितीपत्रक

जून महिन्यात काउंटरवर येणारे बहुतेक पालक पहिल्यांदा एकच विचारतात, "दिवसभराचा पास आहे ना?" आहे. पण तो एमपीएससी करणाऱ्यांसाठी. शाळेतल्या मुलांना आम्ही तो देत नाही, पैसे पुढे केले तरी. का देत नाही, हे उभ्याउभ्या सांगून होत नाही, मागे रांग असते. म्हणून हे पत्रक.

आधी हिशोब

पुण्यातल्या, सकाळच्या शाळेत जाणाऱ्या दहावीच्या मुलाचा साधा दिवस धरा. झोप ८ तास. शाळा ७ ते साडेबारा, जाण्यायेण्यासकट साडेसहा तास. संध्याकाळी ३ तास क्लास आणि सायकलने जाऊन-येऊन अर्धा तास. पावसात कर्वे रोडवरून येणाऱ्याला तो पुरत नाही. इथवर १८ तास झाले. आंघोळ, जेवणं, दप्तर, दळण आणणं, पाहुणे आले तर त्यांच्यासमोर पाच मिनिटं बसणं, यात अडीच तास. उरले साडेतीन. त्यातला एक तास मूल नुसतं लोळणार, मित्राशी बोलणार, मॅच बघणार. तो तास त्याच्याकडे राहू द्या. काढून घेतलात तर ते अभ्यासाच्या वेळातून वसूल करतं, आणि ते आम्हाला काउंटरवरून दिसतं.

म्हणजे हातात अडीच तास. शाळेचा आणि क्लासचा गृहपाठही त्यातच बसवायचा. आता "शेजारचा रोज सहा तास बसतो" असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी वरच्या हिशोबात ते सहा तास कुठून आणायचे ते दाखवावं. बहुतेक वेळा ते झोपेतून आलेले असतात. या वयाला ८ ते १० तास झोप लागते, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. शिवाय वयात येताना झोप लागण्याची वेळच पुढे सरकते. रात्री साडेदहाला डोळा न लागणारं मूल आळशी नसतं. पहाटे पाचला उठून केलेला अभ्यास काहींना मानवतो, पण आजोबांना मानवला म्हणून नातीलाही मानवेल असं नाही.

रजिस्टर काय सांगतं

दारात आत-बाहेर रजिस्टर आहे. पूर्वी आम्हीही शाळेच्या मुलांना दिवसभराचा पास देत होतो, तेव्हाची ही गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत एक मुलगा रोज सकाळी नऊला यायचा. नोंदी अशा: ९.०५ आत, ९.३० पाणी, ९.५० "मित्राची वही", १०.२० फोन, ११ वाजता वडापाव. काकू (काउंटरवर बसणाऱ्या, सगळी मुलं त्यांना काकूच म्हणतात) दुपारी पंखे बघायला आत गेल्या तेव्हा त्याच्यासमोर भूमितीचं पुस्तक होतं, 'वर्तुळ' प्रकरण. संध्याकाळी दिवे लावायला गेल्या तेव्हाही तेच पान. घरी मात्र "आठ तास बसलो" हे खरंच सांगितलं असणार, कारण बसला होताच.

त्याला आम्ही रागावलो नाही. काउंटरवर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असतो, त्यातला एक तुकडा देऊन सांगितलं, आत जाण्याआधी काय करणार ते लिही. त्याने लिहिलं: "भूमिती". काकूंनी कागद परत केला. मग लिहिलं: "वर्तुळ". तोही परत. तिसऱ्यांदा आलं: "सरावसंच ३.२, पहिली तीन उदाहरणं, न बघता". हा चालला. तेव्हापासून शाळेच्या मुलांना आम्ही दोन तासांचाच पास देतो, आणि चिठ्ठी लिहिल्याशिवाय खुर्ची देत नाही. चिठ्ठीवर किती लिहावं? दोन तासांत उरकेल असं वाटतं त्याच्या निम्मं. मुलांना हे पटत नाही, आठवडाभराने पटतं.

टायमरचा प्रकार

पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती ही पद्धत आता बहुतेकांना माहीत आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटलीतल्या विद्यार्थ्याने ती काढली. त्याच्याकडचा स्वयंपाकघरातला टायमर टोमॅटोच्या आकाराचा होता, म्हणून नाव पोमोडोरो. आम्ही उत्साहाने तसले पाच टायमर आणले. पाच मुलांनी पाच वेगवेगळ्या वेळी लावले. दर चार-पाच मिनिटांनी कुठूनतरी टर्रर्र! तिसऱ्या दिवशी एमपीएससीवाल्या दादा-ताईंचं शिष्टमंडळ काउंटरवर आलं. आता भिंतीवर एक मोठं मुकं घड्याळ आहे, टायमर काकूंच्या स्वयंपाकघरात कुकरसाठी गेले.

पद्धत मात्र चांगली आहे, सुरुवातीला. कंटाळवाणा विषय हातात घेताना "फक्त पंचवीस मिनिटं" हे मनाला पटवता येतं. पण बोर्डाच्या पेपरात दर पंचवीस मिनिटांनी कोणी उठू देत नाही.

बोर्डाचं घड्याळ

राज्य मंडळाच्या दहावीत भाषांचा पेपर ८० गुणांचा आणि ३ तासांचा असतो. गणित, विज्ञान यांचे दोन-दोन भाग आणि इतिहास, भूगोल हे पेपर ४० गुणांचे, २ तासांचे. भागाकार करून बघा: भूमितीत एका गुणाला ३ मिनिटं मिळतात, मराठीत सव्वादोन. तीन गुणांच्या प्रमेयाला ९ मिनिटं म्हणजे भरपूर. उलट मराठीत निबंध रंगला की व्याकरण राहतं, ही तक्रार दर मार्चमध्ये आमच्याच बाकावर बसून ऐकतो. शेवटी मिळणारी जादा १० मिनिटं तपासण्यासाठी ठेवा, निबंध पुरा करण्यासाठी नाही.

सकाळचा पेपर ११ वाजता सुरू होतो. वर्षभर रात्री बारानंतरच गणित सोडवणाऱ्या मुलाने निदान डिसेंबरपासून रविवारी ११ वाजता घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवावा, मधे न उठता. रविवारी सकाळी आम्ही चार टेबलं यासाठीच रिकामी ठेवतो. बाटली टेबलावर, पेन दोन.

ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं ते २० गुण

प्रत्येक विषयाच्या १०० पैकी २० गुण शाळेकडे असतात: भाषांची तोंडी, विज्ञानाची प्रात्यक्षिकं, गणिताचा गृहपाठ आणि चाचणी. जानेवारी उजाडला की आमच्या अभ्यासिकेत कोणी अभ्यास करत नाही, सगळे प्रयोगवह्या उतरवत असतात. वर्षभराच्या आकृत्या तीन रात्रींत. एका मुलीने पेन्सिलीला टोक करण्यातच संध्याकाळ घालवली, कारण टोक सारखं मोडत होतं आणि ती रडत होती. जूनपासून दर शनिवारी अर्धा तास दिला असता तर ही वेळ आली नसती. शनिवारची चिठ्ठी म्हणूनच आमच्याकडे आधीच छापलेली असते: "वह्या".

चित्रकलेबद्दल पालक विचारतात, बंद करू का? एलिमेंटरी (शासकीय चित्रकला परीक्षांतली पहिली) झालेली असेल तर पुढची इंटरमिजिएट द्यावी असं आमचं मत. अ श्रेणीला दहावीत ७, ब ला ५, क ला ३ वाढीव गुण मिळतात. गुण सोडा, आठवड्यातून दोन तास हात रंगात असले की डोकं हलकं होतं.

उजळणी कधी

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, ती किती वेळात विसरली जातात हे मोजलं आणि १८८५ साली प्रसिद्ध केलं. विसरणं सगळ्यात जोरात होतं ते अगदी सुरुवातीला, पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात. म्हणून क्लासमध्ये आज झालेलं आज रात्रीच पंधरा मिनिटं, वही मिटून, आठवून लिहिणं. वही उघडी ठेवून रंगीत पेनाने अधोरेखित करणं याला आम्ही उजळणी धरत नाही. पान फार सुरेख दिसतं, तेवढंच.

ढोल, गणपती, फोन

गणपतीआधी पथकाचा सराव सुरू झाला की दहावीचं मूल असलेल्या घरात वादावादी ठरलेली. आमचं म्हणणं: जाऊ द्या, पण सरावाचे दिवस आधीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. लिहिलेल्या दिवशी चिठ्ठी एका ओळीची. न लिहिता गेलं की मूल तिथेही अपराधी आणि इथेही अपराधी, दोन्हीकडे अर्धं.

फोन आत नेता येत नाही, काउंटरवर जाळीच्या कप्प्यात राहतो. "पण गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो!" हो, शाळांनी ती सोय करून ठेवली आहे. आल्या आल्या दारातच ग्रुप बघा, गृहपाठ चिठ्ठीवर उतरवा, मग फोन कप्प्यात. पालकांना एक विनंती, या दोन तासांत फोन करू नका. निरोप असेल तर काउंटरच्या नंबरवर सांगा. "जेवायला काय करू" हा निरोप धरला जात नाही.

पास घेताना

शाळेच्या मुलांसाठी दुपारी २ ते रात्री साडेआठ या वेळातले कोणतेही सलग दोन तास निवडता येतात. रविवारचा पेपर सकाळी ११ वाजता, नाव शुक्रवारपर्यंत द्या. पहिल्या दिवशी येताना आठवड्याचे सात रकाने आखलेला एक कागद आणा, त्यात शाळा, क्लास, जेवण आणि झोप आधीच भरलेली असू दे; कुठले दोन तास मोकळे आहेत ते काकू तुमच्यासोबत बसून शोधतील. मोकळे दोन तास सापडलेच नाहीत तर पास देणार नाही, आणि क्लास कमी करता येईल का यावर बोलू. डबा बाहेरच्या बाकावर खायचा. पोहे आणलेत तर काकूंना विचारल्याशिवाय झाकण लावू नका.