नोव्हा स्कोशिया विधान परिषद

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांताचे वरिष्ठ सभागृह (1838–1928). त्याआधी प्रांताची राजधानी हॅलिफॅक्समध्ये एकच कौन्सिल होते. तेच गव्हर्नरला सल्ला देई आणि तेच कायदेही संमत करी. 1838 मध्ये त्याची कार्यकारी आणि विधिविषयक अशी दोन मंडळे झाली. दुसरे म्हणजेच ही परिषद. सदस्य निवडून येत नसत, त्यांची नेमणूक होई. संख्या रूढीने 21 मानली जाई.

परिषद नको, यावर लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या दोन्ही पक्षांचे बोलण्यात तरी एकमत होते. अडचण रचनेतच होती. 1867 च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायद्याच्या (कॅनडाच्या राज्यघटनेच्या) कलम 92 नुसार प्रांताला स्वतःची घटना बदलता येई. पण त्यासाठीचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावे लागे. म्हणजे परिषदेने स्वतःच्या बरखास्तीला हात वर करायचा! (भारतात अनुच्छेद 169 खाली विधानसभेचा ठराव आणि संसदेचा कायदा पुरतो, परिषदेला विचारावे लागत नाही.) म्हणून सरकारे नेमणुकीआधीच ‘बरखास्तीच्या बाजूने मत देईन’ असे वचन घेऊ लागली. खुर्ची मिळाली की वचन विसरले जाई, आणि ते पाळायला लावणारा कायदा नव्हता.

1925 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे एडगर ऱ्होड्स सत्तेवर आले, तेव्हा परिषद लिबरलांनी भरलेली होती. 1926 मध्ये त्यांनी निवृत्तिवेतन देऊ करून बरखास्तीचे विधेयक मांडले. परिषदेने ते फेटाळले. मग त्यांनी 20 जादा सदस्य नेमायचे ठरवले, पण प्रांतातील राजप्रतिनिधी, लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स टोरी (आडनाव टोरी, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हांचे टोपणनाव; पूर्वाश्रमीचे आमदार मात्र लिबरल) यांनी ओटावातील केंद्र सरकारचा सल्ला घेतला आणि नकार आला. वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर 1927 च्या निकालाने परिषदेचे दोन्ही आधार गेले: सदस्यसंख्येला कायद्याची कमाल मर्यादा नाही, आणि सदस्यत्व तहहयात नसून लेफ्टनंट गव्हर्नरची मर्जी असेपर्यंतचे आहे. ऱ्होड्स यांनी जुन्या सदस्यांना काढले, आपले नेमले आणि 1928 मध्ये बरखास्ती मंजूर करून घेतली.

मॅनिटोबा (1876) आणि न्यू ब्रन्स्विक (1892) यांनी आपल्या परिषदा आधीच मोडल्या होत्या. क्वेबेकची 1968 पर्यंत टिकली. हॅलिफॅक्सच्या प्रॉव्हिन्स हाउसमधील परिषदेचे दालन ‘रेड चेंबर’ या नावाने समारंभांसाठी आजही वापरात आहे. 1749 मध्ये ब्यूफोर्ट जहाजावर पहिले कौन्सिल ज्या ओक लाकडी टेबलाभोवती बसले, ते टेबल तिथेच ठेवलेले आहे.