टॅबलेटवर मसुदा लिहिणाऱ्या वकील ग्राहकांसाठी: ॲप निवडण्यापूर्वी करावयाची तपासणी

दाव्याचा, कैफियतीचा (प्रतिवादीच्या लेखी उत्तराचा) किंवा शपथपत्राचा मसुदा घेऊन आमच्या टंकलेखन-छपाईच्या कार्यालयात येणाऱ्या बऱ्याच वकील मंडळींच्या हाती आता टॅबलेट असतो, आणि काम हातावेगळे करून निघता निघता एक प्रश्न हमखास विचारला जातो: लिहायला कोणते ॲप घ्यावे? ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्यापासून हा प्रश्न अधिकच वाढला आहे. कसबा बावड्यातील न्यायसंकुलात मराठी कैफियत आणि सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत इंग्रजी याचिका, अशी एकाच दिवशी दोन्हीकडे धावपळ करणाऱ्याला मसुदा सोबत हवा असतो, ही अडचण आम्हांला समजते. प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हे पत्रक काढले आहे. आम्ही कोणतेही ॲप विकत नाही, त्यामुळे अमुकच घ्या असा आमचा आग्रह नाही.

कोऱ्या पानावरची परीक्षा

आमचा आणि आपला सर्वाधिक वेळ ज्या एका चुकीमुळे जातो, ती चूक ॲप निवडतानाच होते. ॲप उतरवून घेतले जाते, कोरे पान उघडून चार ओळींचे पत्र किंवा एखादी पुरसीस (न्यायालयाला द्यावयाचे छोटे लेखी निवेदन) टाइप केली जाते, ती छान दिसते, आणि ॲप पसंत पडते. कोऱ्या पानावर कोणतेही ॲप उत्तीर्ण होते. वकिलाच्या कामात मात्र कोरे पान क्वचितच असते. असतो तो दोन-तीन वर्षांपूर्वी संगणकावर तयार झालेला, तीन हातांखालून गेलेला वाटपाचा दावा, ज्यात परिच्छेदांचे क्रमांक आपोआप पडतात, मिळकतीच्या वर्णनाचा तक्ता असतो, तळाशी पान क्रमांक असतो आणि मजकुरात जागोजागी “वर परिच्छेद ७ मध्ये नमूद केल्याप्रमाणे” असे उल्लेख असतात. खरी परीक्षा या दाव्याची घ्यावयाची असते, आणि तीही तो टॅबलेटवर उघडतो की नाही एवढीच नव्हे, तर टॅबलेटवर दुरुस्त होऊन संगणकावर परत आल्यावर तो शाबूत राहतो की नाही, ही.

एक घडलेली गोष्ट सांगतो. संबंधितांची नावे अर्थातच देत नाही. एका दाव्यात पक्षकाराने ऐन वेळी सांगितलेली हकीकत वकीलसाहेबांनी टॅबलेटवर पाचवा परिच्छेद म्हणून घातली. त्या ॲपने आपोआप पडणारे क्रमांक साध्या मजकुरात बदलून टाकले होते, म्हणून त्यांनी पुढचे क्रमांक हाताने दुरुस्त केले. क्रमांक जुळले, पण मजकुरातील “परिच्छेद ७” हे उल्लेख ७ वरच राहिले आणि ती हकीकत आता ८ मध्ये होती. आमच्याकडे फाईल आली ती दाखल करण्याच्या दिवशी सकाळी सव्वादहाला, केवळ छपाईसाठी. आम्ही छापून दिली. चूक प्रतिवादीच्या कैफियतीमुळे उघडकीस आली आणि दुरुस्तीसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १७ खाली अर्ज द्यावा लागला. त्या दिवशी आम्ही फाईल न वाचता छापली, हा आमचाही दोष होता. तेव्हापासून टॅबलेटवरून आलेली फाईल क्रमांक आणि उल्लेख तपासल्याशिवाय आम्ही छापायला घेत नाही, आणि त्या तपासणीचा आकार (शुल्क) छपाईपेक्षा वेगळा लावतो. हा आकार काहींना खटकतो हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु पुढील तपासणी आपण एकदा घरी केलीत, तर तो आपल्याला बहुधा द्यावाच लागणार नाही.

अर्ध्या तासाची तपासणी

आपल्या संग्रहातील सर्वांत किचकट फाईल निवडावी आणि तिची एक प्रत करावी. मूळ फाईलला हात लावू नये. संगणकावर प्रत उघडून एकूण पाने किती, शेवटच्या परिच्छेदाचा क्रमांक कोणता आणि मजकुराचा फॉन्ट कोणता, हे कागदावर टिपून ठेवावे. मग तीच प्रत टॅबलेटवरील ॲपमध्ये उघडून चार बदल करावेत: मधोमध एक नवा परिच्छेद घालावा, मिळकतीच्या तक्त्यातील एक ओळ काढावी, एक वाक्य बदलांच्या खुणा (ट्रॅक चेंजेस) चालू ठेवून खोडावे, आणि एका जागी समासात शेरा लिहावा. एवढे झाल्यावर फाईल जतन करून पुन्हा संगणकावर आणावी.

संगणकावरील वर्डमध्ये संपूर्ण मजकूर निवडून एफ-नाइन हे बटण दाबले की आपोआप बदलणारे उल्लेख ताजे होतात. ते नव्या क्रमांकावर गेले तर ॲपने फाईलचा सांगाडा राखला. जुन्या क्रमांकावर अडून राहिले तर ॲपने त्यांचा साधा मजकूर करून टाकला आहे असे समजावे. (आपल्या मूळ फाईलमध्ये हे उल्लेख हातानेच टाइप केलेले असतील, तर दोष ॲपचा नाही, तशा फाईली आमच्याकडे निम्म्याहून अधिक येतात.) त्यानंतर वर्डच्या रिव्ह्यू विभागातील कंपेअर ही सोय वापरून मूळ फाईल आणि परत आलेली फाईल समोरासमोर ठेवावी. आपण केलेले चारच बदल दिसले तर ॲप वापरण्याजोगे आहे. आपण हात न लावलेल्या ठिकाणी, विशेषतः तक्त्याच्या कडा, समास किंवा तळटीप येथे, खुणा दिसल्या तर ते ॲप वाचनासाठी ठेवावे, लिहिण्यासाठी नव्हे. कंपेअरची ही सोय विरुद्ध पक्षाकडून आलेल्या तडजोडीच्या मसुद्यावर वापरणारे वकील आहेत. स्वतःच्याच टॅबलेटवर वापरणारे मात्र आम्हांला फार भेटले नाहीत.

मराठीची गोष्ट वेगळी

इंग्रजी मसुदा बहुतेक ॲपमध्ये निभावून जातो. मराठी मसुद्याच्या बाबतीत पहिला प्रश्न ॲपचा नसून फाईलचा असतो. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल टॅबलेटवर उघडली की रोमन अक्षरांचा अगम्य गुंता दिसतो, कारण त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरीचे केवळ चित्र बसवलेले असते. फॉन्ट नसला की चित्र जाते आणि खालचे रोमन अक्षर उघडे पडते. अशा वेळी ॲप बदलून उपयोग होत नाही. फाईल एकदा युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या, सर्व उपकरणांवर चालणाऱ्या पद्धतीत) रूपांतरित करून घ्यावी लागते, आणि रूपांतरानंतर रफार व जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीच लागतात.

फाईल युनिकोडमध्ये असली तरी एक बारीक खोच उरते. “दुसऱ्या”, “शेतकऱ्याचे” या शब्दांतील अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होऊ शकतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तसेच आपल्या प्रत्येकाच्या नावामागे लागणारे “ॲड.” हे काही कळफलकांवर एकाच अक्षराने, तर काहींवर अ आणि त्यावर अर्धचंद्र असे दोन तुकड्यांत उमटते, एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, म्हणून जुन्या फाईलींत दुसरा प्रकार अधिक आढळतो. परिणाम असा होतो की संगणकावर लिहिलेल्या पन्नास पानांत टॅबलेटवरून “शेतकऱ्याचे” हा शब्द शोधला, तर ॲप तो सापडत नाही असे सांगते आणि आपण शब्द समोर पाहत असतो. म्हणून तपासणीत “शेतकऱ्याचे” आणि “ॲड.” हे दोन शब्द शोधून पाहावेत, आणि कार्यालयातील सर्वांनी शक्यतो एकाच पद्धतीचा कळफलक वापरावा. टंकलेखन यंत्राच्या कळपद्धतीवर हात बसलेल्या आपल्या कारकुनाला टॅबलेटला जोडलेल्या कळफलकावर ती पद्धत मिळेलच असे नाही, हेही खरेदीपूर्वी पाहावे.

फॉन्टचा दुसरा परिणाम पानांवर होतो. मंगल फॉन्टमध्ये लिहिलेली फाईल तो फॉन्ट नसलेल्या टॅबलेटवर दुसऱ्याच फॉन्टमध्ये दिसते, ओळी लांबतात किंवा आखडतात, आणि ४२ पानांच्या अर्जाची ४४ पाने होतात. टॅबलेटवर दिसणाऱ्या पान क्रमांकांवरून अनुक्रमणिका तयार करू नये, ही आमची विनंती याच कारणासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयासाठी ए-फोर कागद, टाइम्स न्यू रोमन १४, दीड ओळीचे अंतर आणि डाव्या-उजव्या बाजूंना ४ सेंटिमीटर समास हे ठरलेले आहे. तेथे तर फॉन्ट परस्पर बदलणे मुळीच चालणार नाही.

जतन, गुप्तता आणि पैसे

टॅबलेटवरील बहुतेक ॲप न सांगता आपोआप जतन करतात. ही सोय चांगली आहे, परंतु जुन्या जामीन अर्जावरच नवा अर्ज टाइप करण्याची आपली सवय या सोयीशी जुळत नाही, कारण संगणकावर “सेव्ह ॲज” करण्याआधीचा अवधी येथे मिळत नाही आणि जुना अर्ज नाहीसा होतो. आधी प्रत, मग टंकलेखन, हा क्रम ठेवावा. याच ओघात एक सावधगिरीची सूचना: १ जुलै २०२४ नंतर जुने नमुने नव्या फौजदारी संहितांनुसार बदलताना अनेकांनी “सर्व बदला” ही आज्ञा वापरली. अटकपूर्व जामिनाचे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४३८ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ आहे, आणि जुने ४८२ आता ५२८ आहे. आधी ४३८ चे ४८२ केले आणि मग ४८२ चे ५२८, तर अटकपूर्व जामिनाचा अर्जही ५२८ खाली जातो. क्रम उलटा ठेवावा, आणि प्रत्येक जागा दाखवून विचारणारी आज्ञा ज्या ॲपमध्ये आहे ते पसंत करावे.

पक्षकाराने वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चे संरक्षण आहे. फाईल मात्र कोणाच्या खात्यात, कोणत्या सर्व्हरवर जाते हे आपल्यालाच पाहावे लागते. घरातील मुलांच्या अभ्यासाच्या खात्यावरच टॅबलेट चालू असल्याचे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. नेटवर्क बंद करून फाईल उघडते का, हेही पाहावे; न्यायालयाच्या जाड भिंतींआड ही परीक्षा आपोआपच होते.

खर्चाबाबत थोडक्यात: मायक्रोसॉफ्टचे वर्ड १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर विनामूल्य संपादन करू देते, त्याहून मोठ्या पडद्यासाठी वर्गणी लागते. मोठा टॅबलेट घेतल्यावर हे कळून हिरमुसलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत. गूगल डॉक्स विनामूल्य आहे. ॲपलचे पेजेस आयपॅडवर विनामूल्य असले तरी स्वतःच्या वेगळ्या स्वरूपात जतन करते, म्हणून आमच्याकडे पाठवताना वर्ड स्वरूपात निर्यात करूनच पाठवावे.

आमच्याकडे पाठवताना

दुरुस्तीसाठी पीडीएफ पाठवू नये. ई-फायलिंगला पीडीएफच लागते हे खरे, परंतु ती सर्वांत शेवटी, वर्डच्या फाईलमधून थेट तयार करावी. छापून पुन्हा स्कॅन केलेल्या पानांत शब्द शोधता येत नाहीत. फाईल व्हॉट्सॲपवरून आली तरी चालते, मात्र “फायनल”, “फायनल नवीन” आणि “फायनल खरे” अशा तीन फाईली पाठवून कोणती घ्यावी हे आमच्यावर सोपवू नये. नावात तारीख घालावी.

ज्यांना वरील तपासणी स्वतः करणे जमणार नाही, त्यांनी टॅबलेट आणि एक जुनी फाईल घेऊन दुपारी बारानंतर यावे. सकाळच्या गर्दीत आम्हांला ते शक्य होत नाही. पहिली तपासणी आम्ही विनामूल्य करून देतो. जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यासाठी क्रमांक व उल्लेख नीट बांधलेले युनिकोड नमुने आमच्याकडे तयार आहेत. ते घेतल्यास टॅबलेटवर घडणारे बरेच घोटाळे मुळातच टळतात, आणि त्यांचे शुल्क एका मोठ्या दाव्याच्या फेरमांडणीइतकेही नाही. टॅबलेट कारकुनाबरोबर किंवा ज्युनिअरबरोबर पाठवत असाल तर पडद्याचे कुलूप त्यांना उघडता येईल एवढे पाहावे. गेल्या महिन्यात दोन टॅबलेट दिवसभर आमच्या टेबलावर बंदच राहिले आणि संध्याकाळी तसेच परत गेले.