नादारी

आपली देणी ज्या त्या वेळी भागवता न येण्याची स्थिती. 'नादार' हा मूळचा फार्सी शब्द, अर्थ एवढाच की 'ज्याच्यापाशी नाही तो'. गरीब विद्यार्थ्याला शाळेत मिळणाऱ्या फीमाफीलाही नादारीच म्हणत. 'दिवाळखोर' मात्र शिवी होऊन बसला. बुडालेला व्यापारी भर दिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी, त्यावरून 'दिवाळे' आले, अशी व्युत्पत्ती सांगतात. कोल्हापूरच्या पेठांत, गुजरीत असो की शाहूपुरीत, 'दिवाळं वाजलं', 'हात वर केले' आणि 'बुडवून बसला' हे एकाच माणसाबद्दल एका दमात बोलले जाते. पैसे नाहीत म्हणून न देणारा आणि असून न देणारा, असा फरक पेठ करत नाही. कायद्याचा बराचसा खटाटोप त्या फरकासाठीच आहे.

मालविक्री अधिनियम, १९३० नुसार धंद्याच्या नेहमीच्या रीतीने देणी देणे ज्याने थांबवले आहे, किंवा देणी देय होतील तेव्हा जो ती देऊ शकत नाही, तो नादार. मालमत्ता किती आहे हा प्रश्न इथे येतच नाही. समजा, उद्यमनगरातल्या एका जॉबवर्कवाल्याची शेड आणि दोन लेथ मिळून ४० लाखांचा ऐवज आहे, देणे २५ लाखांचे. कागदावर तो सधन. पण मोठ्या गिऱ्हाइकाचे बिल तीन महिन्यांनी सुटते आणि कामगारांचा पगार सात तारखेला द्यायचा असतो. लेथ विकून पगार केला तर पुढचे काम कशावर करणार? उसाचेही तसेच. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे कारखान्याने १४ दिवसांत बिल द्यावे, न दिल्यास १५ टक्के व्याज. बिल लांबले की शेतकऱ्याचे सोसायटीचे कर्ज थकते. शेत जागेवर असते, ऊसही गेलेला असतो, हातात पैसा तेवढा नसतो.

मुंबईसाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यांत व्यक्तीच्या नादारीला प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० लागतो. त्यात अर्जासाठी कर्जाची किमान रक्कम ५०० रुपये आहे. शंभर वर्षांपूर्वी ती मोठी होती, आज हॉटेलचे बिलही त्याहून जास्त होते. धनकोंना, म्हणजे ज्यांचे देणे आहे त्यांना, टाळण्यासाठी घर किंवा दुकान सोडून जाणे, दडून बसणे, मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणे, देणी थांबवल्याचे कळवणे ही 'नादारीची कृत्ये' ठरतात. न्यायालयाने नादार ठरवले की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. अर्जाआधीच्या दोन वर्षांत मेहुण्याच्या नावावर फुकट केलेला प्लॉट परत ओढता येतो. इतरांना डावलून एखाद्या पाहुण्याचे पैसे मुद्दाम आधी भागवले असतील आणि तीन महिन्यांत अर्ज झाला, तर तो व्यवहारही रद्द होतो. विनातारण देण्याच्या रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, तर दोष आपला नव्हता हे दाखवल्याशिवाय देण्यातून बिनशर्त मुक्तता मिळत नाही. आणि मुक्तता होईपर्यंत आमदारकी-खासदारकीही नाही.

जप्तीलाही मर्यादा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल व बियाणे, आणि धर्मरीतीने बाईला उतरवता न येणारा दागिना, म्हणजे मंगळसूत्र, जप्त होत नाही. निव्वळ ऐपत नाही म्हणून ऋणकोला, म्हणजे कर्जदाराला, तुरुंगात टाकता येणार नाही, त्याची लबाडी दिसली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात स्पष्ट केले.

कंपन्यांसाठी नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ आहे. थकबाकीची किमान रक्कम २०२० मध्ये एक लाखावरून एक कोटी झाली, त्यामुळे शिरोलीतल्या छोट्या पुरवठादाराला थकवणाऱ्या कंपनीविरुद्ध मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाण्याचा मार्ग बहुधा बंदच झाला. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना ही संहिता १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. साध्या माणसासाठीचे भाग अजून अमलात आलेले नाहीत.

पतसंस्थेचे कर्ज थकले तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो. तो ऋणकोबरोबर जामीनदारावरही चालतो. १९२० च्या कायद्याने नादाराची मुक्तता झाली तरी जामीनदार सुटत नाही, आणि त्याने बहुतेक वेळा शेजारधर्म म्हणून चहा पिता पिता सही केलेली असते.