घाटात खोल जाणारे ब्रेकचे पेडल

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना माझ्या गाडीचे ब्रेकचे पेडल हळूहळू खोल जाऊ लागले. शेवटच्या वळणांवर ते स्पंजासारखे मऊ लागत होते आणि दोन-तीनदा लागोपाठ दाबल्याखेरीज गाडी थांबेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तेच पेडल नेहमीसारखे घट्ट होते. कोल्हापूरला परतल्यावर उद्यमनगरातील एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तेव्हा मेकॅनिकने पेडल दाबून पाहिले, डब्यातील ब्रेक ऑइलची पातळी पाहिली आणि गाडीत काहीच दोष नसल्याचे सांगितले. दोष होता, पण तो थंड गाडीत दिसणारा नव्हता.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रव ढकलतो आणि तोच दाब चारही चाकांपर्यंत जातो. हे शक्य होते, कारण द्रव जवळजवळ दबतच नाही. पाण्यावर वातावरणाच्या 100 पट दाब दिला तरी त्याचे आकारमान अर्ध्या टक्क्याच्या आसपासच घटते. वायूचे तसे नसते. बॉइलच्या नियमानुसार दाब दहापट झाला की त्याचे आकारमान एक दशांश होते.

या फरकाचा पायाला किती फटका बसतो, हे आकड्यांत पाहू. समजा, नळीत हवेचा 2 मिलिलिटरचा बुडबुडा अडकला आहे. दाब वातावरणाच्या दहापट होईपर्यंत तो 0.2 मिलिलिटर होतो, म्हणजे उरलेली 1.8 मिलिलिटर जागा भरून काढण्यासाठी तेवढा द्रव फुकट ढकलावा लागतो. मास्टर सिलिंडरचा व्यास 20 मिलिमीटर धरला, तर त्यासाठी दट्ट्या 0.57 सेंटीमीटर सरकला पाहिजे, आणि पेडलाची तरफ चारास एक या प्रमाणातली असेल, तर पाय सुमारे 2.3 सेंटीमीटर जादा खाली जातो. अर्ध्या चमच्याहून कमी हवेने एवढे होते!

माझ्या गाडीत मात्र बाहेरून हवा शिरलेली नव्हती. बुडबुडे घाटातच तयार झाले होते. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते बहुतेक गाड्यांत तेल नसून ग्लायकॉल ईथर वर्गातील द्रव असतो, आणि तो हवेतला ओलावा शोषून घेतो. डॉट 4 दर्जाच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात 3.7 टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. आता 1,200 किलोची गाडी 400 मीटर खाली उतरली, तर सुमारे 47 लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या ऊर्जेत 20 अंशांचे 14 लिटर पाणी उकळीला येईल. खालचा गिअर न घेता केवळ ब्रेकवर घाट उतरला, की त्यातील मोठा वाटा डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन उतरतो, तेथून कॅलिपरमधील (द्रवाच्या दाबाने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातील) द्रवात जातो आणि तो उकळतो. वाफ हवेपेक्षाही घातक असते, कारण हवा आकुंचन पावताना निदान उलट दाब देते, वाफ मात्र पुरेशा दाबाखाली पुन्हा द्रव होऊन सगळी जागा रिकामी करते. गाडी थंड झाली की हीच वाफ आपोआप विरते, म्हणून सकाळी पेडल घट्ट लागते.

खंडेनवमीला गाडीला हार घालण्याला माझा विरोध नाही. परंतु घाटाआधी न चुकता लिंबू-मिरची बांधणाऱ्या अनेकांना ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले हे सांगता येत नाही, याची मला खरोखर चिंता वाटते. माझ्या गाडीत ते चार वर्षांचे होते.

म्हणून पेडल कधी आणि कसे मऊ होते, हे मेकॅनिकला नेमके सांगावे. नेहमीच स्पंजासारखे लागत असेल आणि लागोपाठ दाबल्यावर सुधारत असेल, तर हवेचा संशय घ्यावा. पाय स्थिर ठेवूनही पेडल सावकाश खाली जात असेल, तर बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमधील रबरी सील गेले आहे, आणि अशी गाडी दुरुस्तीपूर्वी चालवू नये. बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, बिघडल्यास पेडल मऊ नव्हे, कडक होते.

हवा काढण्याचे काम दोघांचे आहे. एकजण आत बसून "दाबून धर" म्हटल्यावर पेडल दाबून धरतो; दुसरा कॅलिपरच्या निपलवर (द्रव बाहेर काढण्याच्या छोट्या तोटीवर) पारदर्शक नळी चढवून पान्याने निपल अर्धा फेरा सैल करतो. नळीतून आधी काळपट द्रव येतो, त्यात साबुदाण्यासारखे बुडबुडे दिसतात. निपल पुन्हा आवळल्यावरच "सोड" म्हणायचे, नाहीतर हवा उलट आत ओढली जाते. नळीतून नितळ, बुडबुडेविरहित द्रव येईपर्यंत हे चालू ठेवावे आणि वरचा डबा मध्येच रिकामा होऊ देऊ नये. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. काही एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांना स्कॅनरही, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचे उपकरण, लागतो. डब्यात चुकूनही इंजिन ऑइल टाकू नये, त्याने सील फुगतात. दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलावे, आणि बाटलीत उरलेले पुढच्या खेपेसाठी ठेवू नये, कारण कोल्हापूरच्या पावसाळ्यात एकदा झाकण उघडलेली बाटली कपाटातही ओलावा शोषत राहते.