सत्तेचाळिसाचा पाढा पाठ करावा की बांधावा?

माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला मी परवा सहज विचारले, "सत्तावीस सक किती?" तिने लगेच उत्तर दिले नाही, ओठ मात्र हलू लागले. सत्तावीस एके सत्तावीस, सत्तावीस दुणे चोपन्न, सत्तावीस त्रिक एक्याऐंशी, सत्तावीस चोक अठोदरसे, अशी एकेक पायरी चढत ती एकशे पस्तिसापर्यंत पोचली, क्षणभर थांबली आणि "एकशे बाहत्तर" म्हणाली. बरोबर उत्तर एकशे बासष्ट आहे. तिला तिसापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणता येतात, ती ते न अडखळता म्हणते तेव्हा ऐकणाऱ्यांना कौतुकही वाटते. पण पाढा म्हणता येणे आणि पाढा वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिच्या त्या एका उत्तराने लख्ख दाखवून दिले.

त्या उत्तरात दोन अडचणी लपलेल्या आहेत. पहिली अशी की ओळीने पाठ केलेली गोष्ट डोक्यात साखळीसारखी साठते, आणि साखळीतली मधली कडी हवी असेल तर टोकापासूनच यावे लागते. 'भ'च्या आधीचे तिसरे अक्षर कोणते, असे कोणी अचानक विचारले तर मोठी माणसेदेखील मनात "प, फ, ब, भ" असे पुटपुटतात. दुसरी अडचण सारखेपणाची आहे. बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव हे शब्द कानाला इतके जवळचे आहेत की केवळ नादावर विसंबणारी स्मृती त्यांची सहज अदलाबदल करते. गुणाकाराची उत्तरे आपल्या मेंदूत बऱ्याच अंशी शब्दांच्या रूपानेच राहतात, असे मानायला चांगला आधार आहे. एलिझाबेथ स्पेल्की, स्टानिस्लास देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली रशियन व इंग्रजी या दोन्ही भाषा येणाऱ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. नेमके उत्तर काढण्याचा सराव ज्या भाषेत झाला होता त्या भाषेत प्रश्न आला की उत्तर लवकर येई, दुसऱ्या भाषेत आला की उशीर होई. अंदाजे उत्तर सांगताना मात्र भाषेने फारसा फरक पडत नसे.

आता थोडा हिशेब करू. २ ते ९ या अंकांचे आपापसांतले गुणाकार, ७ × ८ आणि ८ × ७ हे एकच धरले तर, एकूण ३६ भरतात. ११ ते ९९ या ८९ संख्यांना २ ते ९ ने गुणले तर ७१२ उत्तरे होतात. ३६ गोष्टी पाठ करणे हे प्रत्येक मुलाच्या आवाक्यातले आहे आणि त्या पाठ असायलाच हव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. "कॅल्क्युलेटर असताना पाढे कशाला" हे म्हणणे मला अजिबात पटत नाही. पण ७१२ गोष्टी पाठ करणे हा मुलांच्या स्मृतीचा अपव्यय आहे, कारण त्या सगळ्याच्या सगळ्या त्या ३६ मधून निघतात. मोठा पाढा पाठ करायचा नसतो, तो बांधायचा असतो.

हे बांधकाम कसे चालते ते दाखवण्यासाठी मी भाचीसमोर चौकटीचा कागद ठेवला आणि २७ चौकटी लांब व ६ चौकटी रुंद असा आयत आखायला सांगितला. त्यात एकूण किती चौकटी आहेत, हाच २७ × ६ चा अर्थ. मग विसाव्या चौकटीनंतर लाल पेन्सिलीने एक उभी रेघ मारायला सांगितली. डावीकडे २० × ६, म्हणजे १२०. उजवीकडे ७ × ६, म्हणजे ४२. रेघ मारल्याने चौकटी वाढत नाहीत की कमी होत नाहीत, म्हणून १२० आणि ४२ मिळून १६२. शाळेत पुढे ज्याला वितरणाचा गुणधर्म म्हणतात तो हाच, आणि कागदावरची ती लाल रेघ त्याची सिद्धता आहे. तिने स्वतःच रेघ पंधरावर सरकवून पाहिली: ९० आणि ७२, पुन्हा १६२. तुकडे कुठेही पाडा, बेरीज तीच. फक्त विसावर पाडलेले तुकडे सोपे असतात, कारण आपली लिहिण्याची पद्धत दशमान आहे.

आता याच रेघेच्या आधाराने सत्तेचाळिसाचा अख्खा पाढा बांधू. चाराचा पाढा एका उभ्या रांगेत लिहा आणि त्याच्या उजवीकडे साताचा. पहिल्या ओळीत ४ आणि ७, म्हणजे ४७. दुसऱ्या ओळीत ८ आणि १४. इथे ८ हे दशक आहेत आणि १४ हे एकक, म्हणून १४ मधला १ दशकांत मिळवायचा आणि ९४ लिहायचे. तिसऱ्या ओळीत १२ आणि २१, म्हणजे १२ मध्ये २ मिळवून १४१. पुढे १६ आणि २८ चे १८८, २० आणि ३५ चे २३५, २४ आणि ४२ चे २८२, २८ आणि ४९ चे ३२९, ३२ आणि ५६ चे ३७६, ३६ आणि ६३ चे ४२३ आणि शेवटी ४० आणि ७० चे ४७०. ज्याला चाराचा आणि साताचा पाढा येतो त्याला सत्तेचाळिसाचा आणि चौऱ्याहत्तराचाही आला. फक्त रांगांची जागा बदलायची.

स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१७ साली ज्या गणनपट्ट्यांचे वर्णन छापले त्यांत हीच युक्ती आहे: प्रत्येक पट्टीवर एका अंकाचा पाढा कोरलेला, दशक व एकक यांच्यामध्ये तिरकी रेघ, आणि ४ व ७ च्या पट्ट्या शेजारी ठेवल्या की ४७ चा पाढा वाचता येतो. चीनमधल्या त्सिंगहुआ विद्यापीठाकडे असलेल्या, इसवी सनापूर्वी सुमारे ३०५ मधल्या एकवीस बांबूपट्ट्यांच्या कोष्टकात १ ते ९, १० ते ९० चे दशक आणि अर्धा एवढ्यांचेच गुणाकार आहेत. बाकीच्या संख्या तुकडे जोडून मिळवायच्या. बॅबिलोनच्या मातीच्या विटांवरचे पाढे १ ते २० पर्यंत सलग जातात आणि मग एकदम ३०, ४०, ५० वर उडी मारतात, कारण सदतीसपट हवी असेल तर तीसपट आणि सातपट यांची बेरीज करता येते. जवळजवळ चार हजार वर्षे माणसे पाढ्यांचे ओझे असेच हलके करत आली आहेत.

तोंडी करताना मात्र एक पथ्य पाळावे. सत्तेचाळीस आठे कागदावर करताना आपण उजवीकडून डावीकडे जातो: सात आठे छप्पन्न, सहा लिहिले, हातचे पाच. तोंडी हिशेबात तसे केले तर सहा लक्षात ठेवायचे, पाच लक्षात ठेवायचे, चार आठे बत्तीस करायचे, त्यात पाच मिळवायचे आणि मग मागे ठेवलेले सहा शेवटी जोडायचे, एवढी कसरत होते. हाताखालच्या गोष्टी क्षणभर धरून ठेवणारी जी कार्यस्मृती, ती फार लहान असते. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तिची मर्यादा चारेक घटकांची असल्याचे मांडले. म्हणून तोंडी हिशेब डावीकडून करावा: तीनशे वीस आणि छप्पन्न, तीनशे शहात्तर. एका वेळी एकच संख्या धरावी लागते, आणि उत्तर साधारण केवढे असेल ते पहिल्याच पावलावर कळते.

इथे आपल्या भाषेची एक अडचण आहे आणि एक देणगीही. अडचण अशी की सत्तेचाळीस म्हणताना आपण आधी सात आणि मग चाळीस म्हणतो, तर हिशेबाला आधी चाळीस हवे असतात. सत्तेचाळीस ऐकताच "चाळीस आणि सात" असे तुकडे पडायला हवेत, आणि हे ज्या मुलाला झटकन जमत नाही त्याला मोठ्या पाढ्यांत ढकलण्यात अर्थ नाही. आधी आठवडाभर नुसते शब्द ऐकून तुकडे पाडण्याचा खेळ खेळावा.

देणगी आहे ती 'एकोण' या शब्दात, आणि ती मला फार आवडते. एकोण म्हणजे एक ऊन, एकाने उणे. एकोणपन्नास ही संख्या स्वतःच सांगते की मी पन्नासाला एक कमी आहे. मग तिचा पाढा चाराच्या आणि नवाच्या पाढ्यांतून कशाला बांधायचा? एकोणपन्नास सक म्हणजे तीनशेतून सहा गेले, दोनशे चौऱ्याण्णव. एकोणऐंशी साते म्हणजे पाचशे साठातून सात गेले, पाचशे त्रेपन्न. आयताच्या भाषेत सांगायचे तर आपण आयत थोडा मोठा आखला आणि कडेची एक पट्टी कापून टाकली. तीच युक्ती अठ्ठ्याहत्तरासारख्या संख्येला दोन पट्ट्या कापून लागू पडते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'मध्ये १३५ ला १२ ने गुणण्याचे एकच उदाहरण अनेक रीतींनी सोडवून दाखवले आहे. १२ चे ८ आणि ४ असे तुकडे करणे हा रूपविभाग, दशक आणि एकक वेगळे करणे हा स्थानविभाग, ३ ने आणि मग ४ ने गुणणे ही आणखी एक रीत, आणि सोयीची संख्या मिळवून किंवा वजा करून गुणणे हे इष्टोनयुक्त. त्या 'इष्टोन'मधला ऊन आणि आपल्या 'एकोण'मधला ऊन एकच आहे.

तुकडे दुसऱ्या बाजूनेही पाडता येतात. सत्तावीस आठे हवे असतील तर सत्तावीस तीनदा दुप्पट करावेत: चोपन्न, एकशे आठ, दोनशे सोळा. पाचपट म्हणजे दहापटीची निम्मी, नऊपट म्हणजे दहापटीतून एकपट वजा, सहापट म्हणजे तिपटीची दुप्पट, सातपट म्हणजे पाचपट आणि दुप्पट. दुप्पट आणि निम्मे पक्के असणाऱ्या मुलाला कोणताही पाढा अनोळखी राहत नाही.

उत्तर तपासण्याची सोयही पाढ्यातच असते. ४७ च्या पाढ्यातले एककस्थानचे अंक पाहा: ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ०. दहाही अंक एकेकदा येतात, आणि हा क्रम साताच्या पाढ्यातलाच आहे. असे का व्हावे? समजा, दोन वेगवेगळ्या ओळींत एककाचा अंक सारखाच आला. मग त्या दोन उत्तरांच्या वजाबाकीच्या शेवटी शून्य येईल, म्हणजे ती १० ने भागली जाईल. पण ती वजाबाकी म्हणजे ४७ गुणिले ओळींमधले अंतर. ४७ मध्ये २ हा अवयव नाही आणि ५ ही नाही, म्हणून १० ने भाग जाण्याची सगळी जबाबदारी त्या अंतरावर पडते, आणि दहा ओळींच्या पाढ्यात कोणत्याही दोन ओळींमधले अंतर नऊपेक्षा मोठे नसते. म्हणजे सारखा अंक येणे अशक्यच. १, ३, ७ किंवा ९ ने संपणाऱ्या प्रत्येक संख्येला हे लागू आहे. २, ४, ६ किंवा ८ ने संपणाऱ्या संख्यांच्या पाढ्यात पाचच अंक फिरत राहतात आणि ५ ने संपणाऱ्यांत फक्त दोन. ज्या मुलाला हे एकदा दिसले ते सत्तेचाळीस साते "तीनशे सत्तावीस" म्हणताच स्वतःच थबकते, कारण सात साते एकोणपन्नास असल्यामुळे शेवटी ९ यायला हवा.

याच साध्या तुकड्यांना 'वैदिक गणित' असे नाव देऊन मोठे शुल्क घेणाऱ्या वर्गांबद्दल पालकांना सावध करणे मला आवश्यक वाटते. त्या नावाने शिकवली जाणारी सूत्रे उपलब्ध वेदवाङ्मयात सापडत नाहीत. ती विसाव्या शतकातल्या, १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून आलेली आहेत. त्यांतल्या अनेक रीती गणिताच्या दृष्टीने बरोबर आणि उपयोगी आहेत, पण त्यांमागे वितरणाचा गुणधर्म आणि दशमान लेखन यांपलीकडचे कोणतेही गूढ नाही. कारण न सांगता युक्ती शिकवली की मूल पुन्हा पाठांतराकडेच जाते, फक्त पाठ करायची वस्तू बदलते.

सरावाबद्दल थोडेच सांगतो. पाढा ओळीने म्हणून घेण्याऐवजी प्रश्न उलटसुलट विचारावेत आणि उत्तर चटकन न दाखवता मुलाला ते स्वतः काढू द्यावे. आठवण्याचा प्रयत्न हाच स्मृती पक्की करतो, हे रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये उताऱ्यांच्या अभ्यासातून दाखवले आहे. रोज दहा मिनिटे ही रविवारच्या एका तासापेक्षा फलदायी ठरतात. सुरुवातीला घड्याळ लावू नये. गणिताची धास्ती त्याच लहानशा कार्यस्मृतीतली जागा खाते, असे अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क यांच्या २००१ च्या प्रयोगांत आढळले. वारंवार बांधलेली उत्तरे हळूहळू आपोआप पाठ होतात. बारा, पंधरा, सोळा, पंचवीस यांचे पाढे तर सारखे लागत असल्यामुळे लवकर तोंडी बसतात, आणि ते बसावेतही.

भाचीसोबतचा हा उद्योग तीन आठवडे चालला. काल तिने विचारले, की एकोणनव्वदपर्यंत सगळीकडे एकोण आहे, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाहीत? मी म्हटले, म्हणत नसले तरी तसे समजायला हरकत नाही. "मग विचार," ती म्हणाली. मी विचारले, "नव्व्याण्णव सक?" तिचे ओठ हलले नाहीत. "सहाशेतून सहा," ती म्हणाली, आणि मग, "पाचशे चौऱ्याण्णव, नऊ सक चोपन्न, म्हणजे शेवटी चार बरोबर आहे."